कॅन्सर मेंदूत नाही, तरी माणूस का बदलतो?

सायंतारा

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. आधी शोधून पाहिलं, पण हवं ते सापडलं नाही.

बाबा ६८ वर्षांचे. फुप्फुसाचा कॅन्सर, स्मॉल सेल प्रकारचा. केमो चालू आहे आणि छातीतली गाठ लहान होतेय असं सीटीत दिसतं. मेंदूचा एमआरआय कॉन्ट्रास्ट देऊन केला, तो स्वच्छ आहे. म्हणजे रोग डोक्यात पोचलेला नाही.

पण गेल्या काही दिवसांत बाबा ओळखू येईनासे झालेत. आयुष्यभर हिशेबाला पक्के असलेला माणूस एकच बिल हातात घेतो, ठेवतो, पुन्हा घेतो. मला मधूनच आत्याच्या नावाने हाक मारतात. सकाळी बरे असतात, पेपर चाळतात. संध्याकाळ झाली की संशय सुरू: औषधात काहीतरी मिसळता म्हणून. दिवसा झोप, रात्री टक्क जागे. आईवर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, काल चढवला.

घरात ज्याचं त्याचं मत वेगळं. काका म्हणतात आजाराचा धसका घेतलाय. दादा म्हणतो वय झालं, विसरणारच. ओपीडीत विचारलं तर 'टेन्शन आहे त्यांना' एवढं उत्तर आणि झोपेची गोळी वाढवून मिळाली.

मला विचारायचंय ते हे: दुसरीकडे कुठेतरी असलेला कॅन्सर मेंदूला हात न लावता आठवण आणि वागणं बिघडवू शकतो का?

फुकटची वाचक

आमच्या सासूबाईंचंही असंच झालं होतं. कारण शेवटपर्यंत कुणी नीट सांगितलं नाही. प्रतिसाद वाचत राहते.

जुना स्टेथो

सायंतारा, चर्चा होत राहील. आधी हे करा, आणि उद्यावर ढकलू नका: रक्तातलं सोडियम, कॅल्शियम (सोबत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन), साखर, किडनी-लिव्हरच्या तपासण्या, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), आणि लघवीची तपासणी. ताप नसला तरी. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा, झोपेची गोळी धरून. झापड वाढली, उलट्या लागल्या किंवा आकडी आली तर थेट इमर्जन्सीत.

इथे बसून निदान करता येत नाही, करूही नये. पण घाई का म्हणतोय ते सांगतो. अल्झायमरसारखा विसर वर्षांच्या हिशेबाने वाढतो. तुमचे बाबा काही दिवसांत बदललेत, एकाच दिवसात खाली-वर होतात, त्यांचे रात्र-दिवस उलटलेत. याला आम्ही डिलिरियम म्हणतो. घरात लोक 'भ्रम झाला', 'बरळायला लागले' म्हणतात. डिलिरियम हा स्वतंत्र आजार नव्हे. शरीरात काहीतरी बिनसलंय आणि मेंदू ते सहन करू शकत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. ते काहीतरी शोधावं लागतं, आणि पुष्कळदा ते दुरुस्त होण्यासारखं असतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. हो, बिघडवू शकतो, आणि एका वाटेने नव्हे. स्मॉल सेलच्या पेशी व्हॅसोप्रेसिन नावाचं हॉर्मोन स्वतःच बनवू शकतात. हे हॉर्मोन किडनीला पाणी धरून ठेवायला लावतं. शरीरात पाणी साठतं, रक्तातलं सोडियम पातळ होत जातं, आणि त्याचा पहिला फटका मेंदूला बसतो, कारण पाणी पेशींत शिरून त्या फुगतात आणि कवटीत फुगायला जागा नसते. या प्रकारच्या कॅन्सरमध्ये साधारण दहातल्या एकाला तरी हे होतं. सोडियम १३५ ते १४५ असायला हवं. १२५ च्या खाली, तेही भराभर उतरलं, की गोंधळ, चिडचिड, तोल जाणं. ११५ च्या आसपास आकडी येऊ शकते.

दुसरं कॅल्शियम. स्तनाचा कॅन्सर, मायलोमा (अस्थिमज्जेचा कॅन्सर), फुप्फुसाच्या कॅन्सरचा स्क्वॅमस प्रकार यांत ते चढतं. कधी हाडं पोखरली जाऊन, कधी गाठीतून सुटणाऱ्या एका प्रथिनामुळे, ज्याचं काम पॅराथायरॉइडच्या हॉर्मोनसारखं चालतं. माणूस सुस्तावतो, तहान-तहान करतो, सारखी लघवी, घट्ट बद्धकोष्ठ आणि मग गोंधळ. अल्ब्युमिन कमी असेल तर कागदावरचं कॅल्शियम खोटं समाधान देतं, म्हणून दोन्ही एकत्र बघायचं. सलाइन आणि झोलेड्रोनिक ॲसिडसारखी औषधं दिली की काही दिवसांत माणूस ताळ्यावर येताना मी पाहिलाय.

परखडनाथ

कॅन्सर म्हटलं की माणूस आतून हादरतोच. सगळं रक्तात शोधायची आजकाल फॅशन झालीय. जवळ बसून बोला, वातावरण प्रसन्न ठेवा. निम्मं तिथेच बरं होईल.

जुना स्टेथो

परखडनाथ, बोलायला हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण खचलेल्या माणसाचं भान सहसा शाबूत असतं. डिलिरियममध्ये सगळ्यांत आधी लक्ष जातं. वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगा. उदास माणूस कंटाळत, सुस्कारे टाकत का होईना, म्हणून दाखवतो. डिलिरियममधला ऑक्टोबर-सप्टेंबरशी अडकतो, सुलटे म्हणायला लागतो, किंवा आपण काय विचारलं तेच विसरतो.

आणि धिंगाणा घालणारा डिलिरियम निदान दिसतो तरी. जास्त निसटतो तो गप्प पडून राहणारा. हाक मारली तर हळूच 'हं' म्हणतो, जेवण पुढे ठेवलं तर बघत बसतो. सगळे म्हणतात मन खचलंय, नैराश्याची गोळी सुरू होते, आणि खालची न्युमोनिया किंवा तुंबलेली लघवी तशीच राहते. हो, तुंबलेली लघवीसुद्धा. वयस्कर माणसाला तेवढं पुरतं.

नाइट ड्युटी

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. कॅन्सर वॉर्डात रात्रपाळ्या करते. गप्प पेशंट रात्री त्रास देत नाही म्हणून सगळ्यांचा लाडका असतो, आणि तिथेच घोळ होतो. नातेवाइकांनी 'हे असे नाहीत हो, काहीतरी चुकतंय' म्हटलं की मी पहिली शुगर आणि ऑक्सिजन बघते. त्यांनी त्या माणसाला चाळीस वर्षं पाहिलेलं असतं, मी दोन रात्री.

सायंतारा

सोडियम ११६. लॅबमधून फोनच आला. ॲडमिट केलंय, हाय डिपेंडन्सी युनिटमध्ये आहेत. जुना स्टेथो, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

पण एक समजत नाहीये. सोडियम कमी आहे तर भराभर का देत नाहीत? उलट पाणीच मोजून देताहेत आणि दर काही तासांनी रक्त घेतात. दादा म्हणतोय मिठाचं पाणी करून पाजूया.

जुना स्टेथो

दादांना थांबवा. मीठ कमी पडलेलं नाही, पाणी जास्त झालंय, म्हणून पाणी तोडलंय. बरोबर चाललंय.

सावकाशीचं कारण: सोडियम हळूहळू उतरलं असेल तर मेंदूच्या पेशींनी त्याच्याशी जुळवून घेतलेलं असतं. मग ते एकदम चढवलं तर मेंदूच्या देठातल्या मज्जातंतूंवरचं आवरण सुटतं आणि बोलणं, गिळणं, हातपाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून २४ तासांत ८ ते १० च्या वर चढू देत नाहीत. आकडी आली असती तर पहिले चार-पाच अंक तीव्र सलाइनने पटकन चढवले असते आणि मग ब्रेक लावला असता. तुमच्या बाबांना अजून दोन-तीन दिवस अधूनमधून विचित्र बोलताना ऐकाल. आकडा सुधारला तरी डोकं थोडं मागून येतं.

अबोली

माझं वेगळं आहे, पण याच धाग्यात बसेल.

स्तनाचा कॅन्सर, शस्त्रक्रिया, केमो, आता हॉर्मोनची गोळी. स्कॅन सगळे स्वच्छ. गणित शिकवते. कामावर परत आले आणि फळ्यावर उदाहरण सोडवताना तिसऱ्या पायरीवर मला कळेना की मी काय काढत होते. पद्धत माहिती आहे, उत्तर माहिती आहे, फक्त मधला दोरा सुटतो. वर्गात कुणी प्रश्न विचारला की संपलंच. पूर्वी एका कानाने वर्ग ऐकत, हाताने लिहीत, डोळ्याने मागच्या बाकावर लक्ष ठेवायचे. आता एका वेळी एकच.

तपासायला गेले तर स्मृतिभ्रंशाची ती नेहमीची चाचणी दिली: आज वार कोणता, घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा. सगळे गुण मिळाले! 'तुम्ही एकदम नॉर्मल आहात' असं हसून सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन खूप रडले. नॉर्मल आहे तर मग मला येत का नाही?

नंतर कुणीतरी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. तिथल्या दीड-दोन तासांच्या चाचण्यांत दिसलं: वेग कमी झालाय, आणि एकाच वेळी दोन गोष्टी धरून ठेवणं जमत नाही. आठवण तशी ठीक आहे. ते कागदावर बघून मला निम्मं बरं वाटलं.

इतर कुणाला असं झालंय का? घरचे म्हणतात 'अगं, आम्हीही विसरतो'. हे वाक्य मी आता ऐकून घेऊ शकत नाही.

बंडू चष्मेवाला

अबोलीताई, मला झालंय. लिम्फोमा. 'आम्हीही विसरतो' या वाक्यावर बंदी आणावी, मी पाठिंबा देतो.

मज्जासंस्थापक

न्यूरॉलॉजीत आहे, उशिरा आलो. अबोलीताईंपासून सुरुवात करतो.

पेशंटनी याला 'केमो ब्रेन' हे नाव कधीच दिलं होतं. आम्हा डॉक्टरांनी ते मनावर घ्यायला पुष्कळ उशीर लावला. त्या छोट्या चाचण्या स्मृतिभ्रंशासाठी बनवलेल्या आहेत. ज्याचा मेंदू मुळात तल्लख, तो त्यात घसरूनही पास होतो. मेंदूची कामगिरी टिपणाऱ्या एमआरआयमध्ये दिसतं ते असं की तेच काम करायला या पेशंटचा मेंदू जास्त भाग कामाला लावतो. उत्तर बरोबर येतं, पण माणूस त्या उत्तरापायी दमतो. संध्याकाळी काहीच सुचत नाही याचं एक कारण ते.

गंमत म्हणा की विचित्र म्हणा, यात केमो एकटी दोषी नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या काही अभ्यासांत पाचातल्या एकीची किंवा त्याहून थोड्या जास्त जणींची कामगिरी केमो सुरू होण्याआधीच अपेक्षेपेक्षा कमी होती. म्हणजे कॅन्सरनेच काहीतरी केलेलं असू शकतं. सर्वांत जास्त संशय सूज आणणाऱ्या रसायनांवर आहे, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ वगैरे. गाठ आणि तिच्याशी लढणारी प्रतिकारशक्ती दोघंही ती सोडतात. फ्लूमध्ये अंग टाकून पडावंसं वाटतं, कुणाशी बोलू नयेसं वाटतं, डोकं चालत नाही, ते याच रसायनांमुळे. फ्लू आठवड्यात जातो, गाठ महिनोन्‌महिने ती सोडत राहते.

केमोचं स्वतःचं नुकसान आहेच. स्टॅनफर्डच्या मिशेल मोन्ये यांच्या गटाने २०१८ मध्ये उंदरांवर दाखवलं की मेथोट्रेक्सेटने मेंदूतल्या मायक्रोग्लिया या पहारेकरी पेशी खवळतात आणि मग मज्जातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशींची वाढ अडते. त्या खवळलेल्या पेशी औषधाने काढून टाकल्यावर उंदरांची कामगिरी सुधारली. माणसांसाठी त्यातून उपचार अजून निघालेला नाही, पण दिशा मिळाली.

त्यात भर म्हणून अवेळी आलेली रजोनिवृत्ती, हॉर्मोन दाबणाऱ्या गोळ्या (प्रोस्टेटच्या पेशंटनाही हे लागू), रक्त कमी, थायरॉइड, मोडलेली झोप. अबोलीताई, हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी१२ पाहून घ्या. केमो ब्रेनचा शिक्का बसला की ही साधी कारणं कुणी शोधत नाही. नियमित व्यायाम आणि झोप यांचा फायदा अभ्यासांत दिसतो, लक्ष आणि नियोजनाचं प्रशिक्षणही काही जणांना उपयोगी पडतं. स्मरणशक्तीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. बहुतेकांना पहिल्या वर्ष-दोन वर्षांत सुधारणा होते, काहींचं रेंगाळतं.

संपादक मंडळ

'सात दिवसांत केमोचं विष उतरवणारा काढा' हा प्रतिसाद काढून टाकला आहे. सदस्याला ताकीद दिली आहे.

रातकिडा

मी हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

माझी धाकटी बहीण, तेव्हा विशीतली. आधी डोकेदुखी आणि थोडा ताप. मग झोप गेली. मग म्हणायला लागली की टीव्हीतली बाई तिच्याबद्दल बोलते. हसता हसता रडायची. एका मानसोपचार केंद्रात भरती केलं, तिथे औषधं वाढवत गेले आणि ती जास्तच बिघडत गेली. मग तिचं तोंड आपोआप चावल्यासारखं हलायला लागलं, आकडी आली. तेव्हा कुठे न्यूरॉलॉजीचे डॉक्टर बघायला आले. त्यांनी पाठीतलं पाणी तपासायला पाठवलं आणि पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली. पोटाची! मला वाटलं चुकून लिहिलं.

अंडाशयात गाठ निघाली. ती काढली, सोबत प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार केले. बरी व्हायला बरेच महिने गेले, पण झाली. आज नोकरी करते. त्या काळातलं तिला जवळजवळ काही आठवत नाही. आम्हाला सगळं आठवतं.

गाठ कॅन्सरची नव्हती, त्यामुळे धाग्यात बसतं की नाही माहीत नाही.

मज्जासंस्थापक

बसतं, अगदी चपखल. वर्णन ॲन्टी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिसचं वाटतं. २००७ मध्ये जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी अशाच बायकांमध्ये याचं कारण उकललं. अंडाशयातल्या टेराटोमा या गाठीत कधी कधी चक्क मज्जापेशी असतात. शरीर त्या गाठीविरुद्ध ॲन्टिबॉडी (प्रतिकारशक्तीची प्रथिनं) बनवतं आणि त्या मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर, म्हणजे मज्जापेशींना संदेश पोचतो त्या जागेवर, जाऊन बसतात. प्रत्येकीला गाठ सापडतेच असं नाही. लहान मुलांत आणि पुरुषांत तर बहुधा सापडत नाही. पण शोधावी लागते. वेळेत उपचार मिळाले तर दोन वर्षांत सुमारे ८०% पेशंट स्वतःचं स्वतः करण्याइतके बरे होतात.

ॲन्टिसायकोटिक औषधांनी असा पेशंट बरा व्हायचा सोडून ताठर होतो, ताप चढतो. तरुण मुलगी, आठवड्या-दोन आठवड्यांत उफाळलेलं वेड, पूर्वी काही नाही, आणि सोबत आकडी किंवा तोंडाच्या विचित्र हालचाली: इथे मानसोपचारतज्ज्ञालाही न्यूरॉलॉजिस्टची आठवण व्हायला हवी. हल्ली होते.

याच घराण्यातले बाकीचे मात्र कॅन्सरशी घट्ट बांधलेले आहेत. त्यांना पॅरानिओप्लास्टिक आजार म्हणतात. गाठीतल्या पेशी काही अशी प्रथिनं बनवतात जी एरवी फक्त मज्जापेशींत असतात. प्रतिकारशक्ती गाठीवर तुटून पडते आणि तोच वार मेंदूवरही होतो. मेंदूतला आठवणी आणि भावना सांभाळणारा लिंबिक भाग सापडला तर लिंबिक एन्सेफलायटिस. हे नाव १९६८ मध्ये कॅन्सरच्या पेशंटवरूनच पडलं. जुन्या आठवणी लख्ख, आणि सकाळी कोण भेटून गेलं ते पुसलेलं. सोबत चिडचिड, भीती, आकडी. महिनोन्‌महिने नव्हे, काही आठवड्यांत.

कोणत्या कॅन्सरसोबत कोणती ॲन्टिबॉडी सापडते तेही ठरलेलं असतं: स्मॉल सेलसोबत ॲन्टी-एचयू आणि गाबा-बी, तरुण पुरुषांत वृषणाच्या गाठीसोबत एमए-२. यातली मेख अशी की ॲन्टिबॉडी पेशीच्या पृष्ठभागावर बसणारी असेल (एनएमडीए, गाबा-बी) तर ती हटवल्यावर पेशी सावरते. लक्ष्य पेशीच्या आत असेल (एचयू) तर टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) मज्जापेशींना मारून टाकतात; मग उपचार म्हणजे उरलेलं वाचवणं.

हे सगळं विरळा आहे, कॅन्सरच्या शंभर पेशंटमध्ये एकालाही नाही. पण बहुतेक वेळा मेंदूची लक्षणं आधी येतात आणि कॅन्सर नंतर सापडतो. म्हणून ॲन्टिबॉडी सापडली आणि स्कॅन स्वच्छ आला तरी दर चार-सहा महिन्यांनी, दोन वर्षं, गाठ शोधत राहतात. नातेवाईक वैतागतात, समजू शकतो. आणि ॲन्टिबॉडीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाहीच, असंही होत नाही.

चिठ्ठीवाचक

फार्मसीत काम करतो. डॉक्टर मंडळींनी रोगाचं सांगितलं, मी औषधांचं सांगतो, कारण निम्मे घोळ आमच्या कपाटातून निघतात.

एक नंबर स्टिरॉइड. उलटी थांबवायला, ॲलर्जी टाळायला डेक्सामेथासोन केमोसोबत जवळजवळ सगळ्यांनाच मिळतं. पहिले दोन दिवस माणूस उत्साहाने फसफसतो, रात्री दोन वाजता कपाट आवरतो, मग धाडकन खाली येतो आणि रडतो. काहींना खरोखर भास होतात. १९७२ च्या एका प्रसिद्ध अमेरिकन पाहणीत प्रेड्निसोन या दुसऱ्या स्टिरॉइडचा डोस दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत असताना १.३% लोकांना मानसिक त्रास झाला, ८० च्या वर गेला तर १८.४%. डेक्साची ८ मिलिग्रॅम म्हणजे प्रेड्निसोनची पन्नासच्या आसपास, हे लक्षात घ्या. डोस सकाळी घेता येईल का ते विचारा. मनाने बंद मात्र करू नका.

दुसरं मेटोक्लोप्रमाइड, उलटीचंच. याने काही जणांना बसवत नाही: पाय हलतात, उठून येरझारा, 'जीव कासावीस होतोय' म्हणतात. घबराट समजून अजून एक गोळी दिली जाते. औषध बदललं की थांबतं.

मॉर्फिन: किडनी मंदावली की त्याचे अवशेष साठतात. झोपेत अंग झटके देतं, भिंतीवर किडे दिसतात. वेदना असूनही डोस कमी करावा लागतो किंवा दुसऱ्या औषधावर नेतात. आयफॉस्फामाइड या केमोने तर औषध चालू असतानाच गोंधळ होऊ शकतो. सहसा बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत निवळतो.

आणि झोपेच्या गोळ्या! सायंतारा, तुमच्या बाबांची वाढवलेली गोळी कमी झाली का ते बघा. डिलिरियमवर झोपेची गोळी म्हणजे आगीत तेल.

सायंतारा

हो, ती आल्या आल्या बंद केली. सोडियम आता १२८. काल रात्री पहिल्यांदा सलग झोपले.

मला सगळ्यांत जड जातंय ते संशयाचं. 'तू माझ्या जिवावर उठलीस' असं म्हणाले होते. आता ते आठवत नाहीये त्यांना, निदान तसं दाखवताहेत. आपण विषय काढावा का?

नाइट ड्युटी

ते विचारतील तेव्हा सांगा, आपणहून उकरू नका. पण पुष्कळांना तुकडे आठवतात, आणि आपण काय काय बोललो याची लाज वाटून ते गप्प बसतात. असं वाटलं तर सरळ सांगा: रक्तातलं सोडियम घसरलं होतं, डोकं ताळ्यावर नव्हतं, ते तुम्ही बोलत नव्हता. खूप सुटल्यासारखं वाटतं त्यांना.

पुन्हा तसं झालंच तर वाद घालू नका. 'मी विष कशाला घालेन' हे पटत नसतं. चष्मा लावा, कानाचं यंत्र लावा, घड्याळ दिसेल असं ठेवा, दिवसा खिडकी उघडी आणि रात्री मंद दिवा. सतत नवी माणसं नकोत. आणि फोनवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण सकाळच्या राउंडला पेशंट हमखास शहाणा असतो.

फुकटची वाचक

एक विचारू? सासूबाईंना स्वादुपिंडाचा होता. निदानाच्या आधी काही महिने त्या विलक्षण उदास झाल्या होत्या. कारण काहीच नव्हतं. तेव्हा आम्ही त्यांना बोल लावला.

मज्जासंस्थापक

स्वादुपिंडाच्या कॅन्सरबद्दल हे जुनंच निरीक्षण आहे. १९३१ मध्ये यास्किन यांनी ते नोंदवलं होतं. निदानापूर्वीच उदासी, अस्वस्थता, 'काहीतरी वाईट होणार' असं वाटणं. कारण पक्कं ठरलेलं नाही, सूज आणणाऱ्या रसायनांकडेच बोट आहे. उलट बाजूही सांगायला हवी: उदास वाटणाऱ्या प्रत्येकाला कॅन्सर शोधत बसायचं नाही. पण उतारवयात पहिल्यांदाच आलेली उदासी, उतरतं वजन आणि नव्याने आलेला मधुमेह एकत्र दिसले तर पोटाकडे बघावं. घरच्यांना हे आधी कळणं जवळजवळ अशक्य असतं.

बंडू चष्मेवाला

धाग्यात व्हिटॅमिन बी१ ची कमतरता राहिली. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना आठवडेच्या आठवडे उलट्या होत होत्या, जेवण नाही. मग दुहेरी दिसायला लागलं, चालताना झोकांड्या, आणि गोष्टी रचून सांगायला लागले.

जुना स्टेथो

बरं झालं आठवण केलीत. शरीरातला बी१ चा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. नजर, तोल आणि भान अशी तिन्ही लक्षणं एकत्र फार थोड्यांत दिसतात, त्यामुळे तिन्हीची वाट बघायची नाही. बी१ चं इंजेक्शन स्वस्त आणि सुरक्षित आहे. नुसतं ग्लुकोज आधी चढवलं तर उरलासुरला बी१ ही संपतो, म्हणून बी१ आधी किंवा सोबत. उशीर झाला तर नव्या आठवणी बनण्याची क्षमता कायमची जाऊ शकते.

परखडनाथ

एक व्यवहाराचा प्रश्न. अशा अवस्थेत बँकेच्या, घराच्या कागदांवर सही घ्यावी का? आमच्याकडे घेतली गेली आणि त्यावरून भावाभावांत बोलणं बंद आहे.

जुना स्टेथो

घेऊ नये. निर्णयक्षमता तासागणिक बदलू शकते आणि ती प्रत्येक निर्णयाची वेगळी मोजतात. 'आज कोणता मुलगा भेटायला यावा' हे ठरवता येणाऱ्याला घर कुणाच्या नावावर करायचं हे कळत असेलच असं नाही. भान परत आल्यावर, डॉक्टरांच्या लेखी नोंदीसह करा. गाडी चालवणं आणि ऑनलाइन व्यवहार यांनाही तेवढाच काळ सुट्टी.

अबोली

शेवटचं एक. माझ्या मैत्रिणीची इम्युनोथेरपी सुरू होतेय. केमो नाही म्हणजे डोक्याला त्रास नाही, असं तिला कुणीतरी सांगितलंय. खरं का?

मज्जासंस्थापक

केमो ब्रेनसारखं कमी ऐकू येतं, पण त्रास नाहीच असं नाही. ही औषधं प्रतिकारशक्तीचे ब्रेक सोडतात, आणि ती मग पिट्युटरी, थायरॉइड, ॲड्रिनल या हॉर्मोन बनवणाऱ्या ग्रंथींवरही घसरते. इपिलिमुमॅब या औषधासोबत पिट्युटरीची सूज जास्त दिसते. डोकेदुखी, कमालीचा थकवा, गळून गेल्यासारखं वागणं. कॉर्टिसोल (ॲड्रिनलचं हॉर्मोन) आणि टीएसएच केल्याशिवाय ते नैराश्यच वाटतं. कॉर्टिसोल फार खाली गेलं तर जिवावर बेततं, आणि भरून दिलं तर माणूस दोन दिवसांत उठून बसतो. खुद्द मेंदूची सूज क्वचित.

कार-टी पेशींचे उपचार (पेशंटच्याच टी-पेशी कॅन्सरशी लढण्यासाठी बदलून परत देतात) असतील तर गोष्ट आणखी वेगळी. तिथे पहिल्या काही आठवड्यांत पेशंटकडून रोज एक वाक्य लिहून घेतात आणि शंभरातून दहा-दहा वजा करत मोजायला लावतात, कारण बोलणं ठीक वाटत असतानाच अक्षर बिघडू शकतं.

मैत्रिणीला सांगा, सुरू करण्याआधीचे थायरॉइड आणि कॉर्टिसोलचे रिपोर्ट जपून ठेव. त्रास औषध बंद झाल्यावर काही महिन्यांनीही उद्‌भवतो, आणि तेव्हा तपासणारा डॉक्टर बहुधा दुसराच असतो. इम्युनोथेरपी झाली आहे हे त्याला पहिल्या वाक्यात सांगायचं.